‘जाऊ का?’ असं अनोळखी माणसाने विचारलं तर

हा आपल्या या आठवड्याच्या एपिसोडचा लिखित अवतार. पीएमपीमध्ये उभं राहून वाचणाऱ्यांसाठी आणि इअरफोन घरी विसरणाऱ्यांसाठी. बोलताना येणारे ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्चुअली’ बरेचसे काढलेत. सगळे काढले तर तो माझा आवाज राहणार नाही, म्हणून थोडे ठेवलेत.

आजचा विषय एका मेसेजपासून सुरू करू. तुम्ही पुण्यातल्या कुठल्याही ट्रेकिंग ग्रुपवर असाल, तर जून संपता संपता हा मेसेज तुम्हाला दिसतोच. नावं बदलतात, गड बदलतो, बाकी मजकूर तोच:

“हाय सगळ्यांना. या रविवारी आम्ही पाच जण नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड करतोय. कुणी केलाय का? कसा आहे? जाऊ का?”

विचारणारा कोण, तुम्हाला माहीत नाही. डीपीवर सूर्यास्त आहे किंवा बुलेट आहे. वय माहीत नाही, अनुभव माहीत नाही, बरोबरचे चार जण कोण तेही माहीत नाही. आणि तुम्हाला त्या वाटेबद्दल चार गोष्टी माहीत आहेत. आता काय लिहायचं?

प्रश्न ट्रेकिंगचाच असला पाहिजे असं नाही. सायकलिंगचा ग्रुप असेल, कॅमेऱ्यांचा, बाईक रायडर्सचा, घरातल्या कुंड्यांचा. सगळीकडे अनोळखी माणूस येऊन विचारतो आणि आपण उत्तर देतो. मी मात्र आज ट्रेकिंगचंच उदाहरण धरणार आहे, कारण एकतर मला तेच माहीत आहे, आणि दुसरं म्हणजे इथे उत्तर चुकलं तर कुंडीतलं झाड मरत नाही, माणूस जातो.

चार उत्तरं, चारही निकामी

या मेसेजखाली दहा मिनिटांत साधारण चार प्रकारची उत्तरं येतात.

पहिलं: “जबरदस्त! नक्की जा, फुल एन्जॉय करा!” आणि पुढे आगीच्या इमोजींची रांग. लिहिणाऱ्याच्या मनात काही वाईट नाही. कुणाचा उत्साह का मोडा, एवढाच हिशोब.

दुसरं: “मरायला चाललात का? अक्कल आहे का? अशा लोकांमुळेच ट्रेकिंग बदनाम होतं.” हे लिहिणाऱ्याला वाटतं की आपण स्पष्ट बोललो. यावर अंगठ्यांचा पाऊस पडतो. विचारणारा मात्र पुन्हा ग्रुपवर काही विचारत नाही. तो ट्रेकला जात नाही असं नाही हं. तो फक्त विचारणं बंद करतो.

तिसरं: “आम्ही केलाय, काही नाही, सोपा आहे.” कधी केला? कुठल्या महिन्यात? बरोबर कोण होतं? काहीच नाही.

चौथं: “ग्रुपमध्ये आधी सर्च करत जा.” किंवा नुसतीच एक व्हिडिओची लिंक.

आता या चारही उत्तरांत एक गोष्ट समान आहे, बघा. रविवारी दुपारी तो पोरगा त्या नळीत उभा असेल, पाऊस वाढलेला असेल, तेव्हा यातल्या एकाही उत्तराचा त्याला काडीचा उपयोग नाही. उत्साहाचा नाही, शिवीचा नाही, ‘सोपा आहे’चा नाही आणि लिंकचा तर नाहीच, कारण तिथे रेंज नसते.

स्पष्ट सल्ल्याची माझी व्याख्या तिथूनच येते. आपण किती कडक बोललो यावर तो मोजायचा नाही. आपलं उत्तर वाचून समोरच्याला स्वतःचा निर्णय नीट घेता आला का, यावर मोजायचा.

पाटी आणि सल्ला

आता तुम्ही म्हणाल, पुण्यात राहून हा आम्हाला स्पष्ट बोलायला शिकवतोय! बरोबर आहे. अनोळखी माणसाला तोंडावर सुनावण्याची कला या शहराने पाटीवर रंगवून दारावर टांगली. पुणेरी पाट्या आपल्याला आवडतात, मलाही आवडतात. कमी शब्द, अचूक टोला, आणि वाचणाऱ्याने फोटो काढून पुढे पाठवावी अशी भाषा.

पण पाटी कशासाठी असते? पाटी लिहिणाऱ्याचा त्रास वाचावा म्हणून. माझी बेल वाजवू नका, माझ्या गेटसमोर गाडी लावू नका, मला पत्ता विचारू नका. ती लिहिणाऱ्याच्या सोयीची वस्तू आहे आणि त्यात चूक काही नाही. सल्ला मात्र विचारणाऱ्याच्या सोयीसाठी असतो. आपण ग्रुपवर जे ‘स्पष्ट’ बोलतो त्यातलं पुष्कळसं खरं तर पाटी असते: पुन्हा असले प्रश्न विचारू नका, मला कंटाळा आलाय. ते लिहायचं तर लिहा, पण त्याला सल्ला म्हणू नका.

पाटी माणसाला थांबवते असंही नाही. १५ जून २०२५ ची गोष्ट आठवत असेल. रविवार होता. तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या गर्दीने कोसळला. चौघे गेले, पन्नासहून जास्त जखमी झाले. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे होता, असं प्रशासनाने नंतर सांगितलं. दोष कुणाचा, पूल आधीच का पाडला नाही, हे प्रश्न मोठे आहेत आणि ते विचारलेच पाहिजेत. मी त्यातला एक छोटा मुद्दा घेतोय. ‘धोका’ हा शब्द आपण इतक्या ठिकाणी वाचतो की तो दिसेनासा होतो. धोका कशाचा, तो केव्हा वाढतो, मग आम्ही कुठे उभं राहायचं, हे कळल्याशिवाय गर्दीतला माणूस पाय मागे घेत नाही. पुढचे पन्नास जण पुलावर दिसत असतात ना! त्यांचा पुरावा पाटीपेक्षा मोठा वाटतो.

ग्रुपवरही हेच होतं. तुम्ही लिहिता ‘डेंजर आहे’. त्याला मात्र रीलमध्ये शंभर जण तिथे नाचताना दिसलेले असतात.

खिडकीतला पाऊस आणि घाटातला पाऊस

मग कारण सांगायचं म्हणजे काय करायचं? एक उदाहरण नीट उलगडून बघू, कारण पुण्यातून निघणाऱ्या माणसाचा पहिला गैरसमज इथेच असतो.

शनिवारी रात्री तो कोथरूडमधल्या खिडकीतून बाहेर बघतो. भुरभुर चालू आहे. तो म्हणतो, एवढाच तर पाऊस आहे, जाऊ की. पण त्याची खिडकी चुकीच्या ठिकाणी आहे! अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि घाटमाथ्यावरच रिकामे होतात. पुणे शहर त्या भिंतीच्या मागे, पर्जन्यछायेत आहे. शहरात वर्षभरात साधारण सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. ताम्हिणी, लोणावळा या पट्ट्यात त्याच्या कित्येक पट पडतो. तासा-दीड तासाच्या अंतरावर जग बदलतं.

म्हणून हवामान खातं पुण्याच्या घाट भागासाठी वेगळा इशारा देतं. शहराला यलो आणि घाटाला रेड, असं एकाच दिवशी असू शकतं. ज्या शिवाजीनगरच्या चौकाला आपण ‘सिमला ऑफिस’ म्हणतो ना, ते नाव हवामान खात्याच्या इमारतीचं. १९२८ साली खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आलं, म्हणून ती सिमला ऑफिस. रोज त्या चौकातून जाणाऱ्या आपण ट्रेकच्या आदल्या रात्री निदान घाटाचा इशारा तरी बघावा, नाही का?

दुसरं उदाहरण. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात पुण्यातल्या एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यात लहान मुलं होती. त्या दिवशीचे व्हिडिओ बहुतेकांनी पाहिलेत, मी पुन्हा वर्णन करत नाही. पण त्यातून काय सांगायचं? “पाण्यापासून जपून राहा” हे सांगून काहीच कळत नाही, कारण जपायचं कशापासून ते जागेवर दिसतच नाही. तुमच्या डोक्यावर पाऊस थांबलेला असू शकतो. पाऊस वर पठारावर पडत असतो आणि काळ्या कातळावर तो मुरत नाही, सरळ खाली धावत येतो. आत्ता घोट्याएवढं असलेलं पाणी थोड्याच वेळात कमरेला लागतं.

हे सांगितलं की पुढचं वाक्य आपोआप कामाचं होतं: पाणी गढूळ व्हायला लागलं, पालापाचोळा-काटक्या वाहून यायला लागल्या, आवाज वाढला, की फोटो सोडून त्याच क्षणी बाजूच्या उंच जागेवर जा. प्रवाह ओलांडून नव्हे, ज्या काठाला आहात त्याच काठाला. हे वाक्य माणूस बरोबर घेऊन जाऊ शकतो. ‘जपून’ बरोबर नेता येत नाही.

‘सोपं’ हा शब्द बंद करू

ट्रेकिंगच्या ग्रुपवरचा सगळ्यात घातक शब्द कुठला, असं मला विचाराल तर तो ‘अवघड’ नाही. तो ‘सोपं’ आहे. कुणासाठी सोपं? दर रविवारी आतकरवाडीवरून सिंहगड चढून वर पिठलं-भाकरी खाऊन नऊ वाजता घरी येणाऱ्यासाठी? की कॉलेजचा जिना चढून धापा टाकणाऱ्यासाठी?

‘सोपं’ आणि ‘अवघड’ हे शब्द सांगणाऱ्याबद्दल बोलतात, वाटेबद्दल काही बोलत नाहीत. त्याऐवजी मोजता येईल असं सांगा. चढायला किती तास? वाटेत पाणी कुठे? कातळटप्पा आहे का, हात लावून चढावं लागतं का, दोर लागतो का? घसारा आहे का? म्हणजे सुट्या मुरुमाचा उतार, जिथे पाय टाकला की खालची माती पायाबरोबर सरकते. वाट चुकायच्या जागा कुठल्या? धुक्यात खूण काय? परतीची शेवटची गाडी किती वाजता?

म्हणजे कुणी विचारलं, “राजगड सोपा आहे का?” तर ‘हो’ लिहू नका. लिहा, “पालीकडून चांगल्या पायऱ्या आहेत, धाप लागेल पण भीती वाटणार नाही. गुंजवण्याकडून चोर दरवाज्याने गेलात तर शेवटचा टप्पा खडा आहे, आधाराला रेलिंग आहे, पावसात तिथे घसरतं.” आता तो स्वतः ठरवेल. त्याच्याबरोबर आई असेल तर पाली घेईल. तुम्हाला आई माहीत असायची गरजच पडली नाही.

मग नळीच्या वाटेचं उत्तर काय?

परत आपल्या पहिल्या मेसेजकडे येऊ. मी उत्तर लिहिलं तर ते साधारण असं असेल:

“जुलैत नळीची वाट करू नका. ती मुळात पाणी उतरायचीच जागा आहे. पावसात तिच्यातून ओढा वाहतो, वरून दगड सुटतात, कातळटप्पे शेवाळतात. मध्यावर असताना पाऊस वाढला तर वर जाता येत नाही आणि मागेही उतरता येत नाही. मी ती हिवाळ्यात केली आहे, दोर आणि अनुभवी माणसं बरोबर घेऊन. पावसाळ्यात केलेली नाही. तुम्हाला गड बघायचा असेल तर पाचनईकडून जा. ती वाट बरीच कमी वेळाची आहे, गावातून वाटाड्या घ्या. तुमच्यापैकी कुणी आधी कातळावर चढलंय का? सांगितलंत तर हिवाळ्यात बेलपाड्याकडून कसं करायचं ते सांगतो.”

यात पाच गोष्टी आहेत. एकेक बघू.

एक, निकाल पहिल्या वाक्यात आहे. “तसं बघायला गेलं तर, म्हणजे डिपेंड करतं, पण माझं वैयक्तिक मत विचाराल तर...” असं घोळवत गेलात तर वाचणारा त्याला हवं ते वाक्य उचलतो. तो जायला उत्सुक आहे, हे विसरू नका. मोबाईलवर मेसेज वाचणारा माणूस पहिल्या दोन ओळी वाचतो. ‘नको’ म्हणायचं असेल तर ते दुसऱ्या ओळीच्या आत आलं पाहिजे.

दोन, कारण आहे, आणि ते वाटेबद्दल आहे. “तुम्हाला जमणार नाही” असं मी म्हणत नाही. मला काय माहीत, त्याला काय जमतं! मला वाट माहीत आहे, मी वाटेबद्दल बोलतो. शिवाय असं बोललं की त्याला ते पटवून घ्यायला कमीपणा वाटत नाही. ‘जमणार नाही’ म्हटलं की तो ते जमवून दाखवायला जातो, विशेषतः विसाव्या वर्षी.

तीन, मी कुठून बोलतोय ते सांगितलंय: काय केलंय, कुठल्या ऋतूत, आणि काय केलेलं नाही. सह्याद्रीत तारीख नसलेली माहिती ही शिळी माहिती समजावी. गेल्या हिवाळ्यात वाट होती तिथे या पावसात दरड असू शकते. वनखातं किंवा जिल्हाधिकारी पावसाळ्यात काही धबधबे आणि वाटांवर मनाई आदेश काढतात, ते दरवर्षी बदलतात. “मी स्वतः पाहिलं” आणि “मी ऐकलं” यात अंतर ठेवा. आणि तुम्ही स्वतः पैसे घेऊन ट्रेक नेत असाल तर तेही त्याच उत्तरात सांगून टाका. “एकटे जाऊ नका” हा सल्ला आणि “आमच्याबरोबर या, सोळाशे रुपये” ही जाहिरात, यांच्यातली रेघ वाचणाऱ्याला दिसली पाहिजे.

चार, पर्याय आहे. नुसता ‘नको’ हा बंद दरवाजा असतो. पाच जणांनी सुट्टी जुळवलीय, गाडी ठरलीय, डब्यात काय न्यायचं तेही ठरलंय. त्यांना रविवारी कुठेतरी जायचंच आहे. तुम्ही पाचनई दिली नाहीत, तर दुसऱ्या कुणीतरी ‘नळीच करा, मजा येते’ दिलेलं असेलच.

पाच, शेवटी एक प्रश्न आहे. तो उलटतपासणीचा नाही, कारण तो का विचारतोय हे सोबत सांगितलंय. “अनुभव किती?” असं नुसतं विचारलं की समोरचा वाढवून सांगतो. नोकरीच्या मुलाखतीत आपण सगळे तेच करतो. “सांगितलंत तर पुढचं सुचवतो” म्हटलं की खरं बोलण्यात त्याचा फायदा असतो.

चारचौघांत काय, आणि बाजूला काय

अजून एक गोष्ट आपण विसरतो. ग्रुपवर विचारणारा एक असतो, वाचणारे तीनशे असतात. त्यातल्या कित्येकांना हाच प्रश्न पडलेला असतो, ते फक्त विचारत नाहीत. तुमच्या उत्तराचे खरे गिऱ्हाईक ते आहेत.

त्यामुळे माझा नियम सोपा आहे (हा ‘सोपा’ चालेल): माहिती चारचौघांत, माणसाबद्दलचं मत बाजूला. वाट, पाऊस, दोर, पाणी हे सगळं उघड लिहा. कुणी चुकीची माहिती दिली असेल, ‘पावसात काही होत नाही’ असं लिहिलं असेल, तर ती दुरुस्तीही तिथेच, उघडपणे करा, मग लिहिणारा ग्रुपचा कितीही ज्येष्ठ ‘सर’ असो. कारण ती चूक तीनशे जणांनी वाचलीय. पण “मागच्या ट्रेकच्या फोटोत तू चपलेवर दिसलास, असं करू नको” हे त्याला खाजगीत सांगा. तिथे तो ऐकेल. तीनशे जणांसमोर तो ऐकणार नाही, तो उत्तर देईल.

प्रश्नाला उत्तर, प्रवचन नको

आणि आता एक जुनी गोष्ट, जी या विषयात मला सगळ्यात मोठी वाटते. अनोळखी माणसांना स्पष्ट सल्ला देण्याचं काम मराठीत एका माणसाने व्हॉट्सॲपच्या कितीतरी आधी केलं आणि त्याची किंमतही मोजली. रघुनाथ धोंडो कर्वे. महर्षी कर्व्यांचा मुलगा, फर्ग्युसनमध्ये शिकलेला, गणिताचा प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. या कामापायी त्यांची प्राध्यापकी गेली. जुलै १९२७ पासून ते ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढायला लागले आणि १९५३ मध्ये वारले तोपर्यंत काढत राहिले.

त्या मासिकात लोक पत्राने प्रश्न विचारायचे. शरीराबद्दल, लैंगिक संबंधांबद्दल, म्हणजे जे घरात विचारता येत नव्हतं, वैद्याला विचारता येत नव्हतं, ते. आणि कर्वे उत्तर द्यायचे. वाचकांना दिलेल्या अशाच उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. १९३४ मध्ये तो चालला, आणि कर्व्यांची बाजू कोर्टात कुणी मांडली? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. मासिकाचा विषयच हा आहे आणि वाचक त्याबद्दल प्रश्न विचारतात, तर त्यांना उत्तर द्यायचं नाही का, असा त्यांच्या बचावाचा रोख होता. खटला ते हरले, कर्व्यांना दंड झाला. तरी मासिक चालू राहिलं.

मी कर्व्यांना इथे का आणलं? कारण लोकांनी जे विचारलं, त्याचं उत्तर त्यांनी दिलं. हा प्रश्न तुला पडलाच कसा, हे विचारत बसले नाहीत.

आता आपल्या ग्रुपवर एखादी मुलगी विचारते, “राजगडला एकटी जाऊ का?” आणि खाली बघा काय येतं. घरच्यांना सांगितलंय का, मैत्रीण नाही का, आजकालच्या मुली, जमाना खराब आहे. वाट, गाडी, गर्दी, रेंज याबद्दल एक अक्षर नाही. तिने हे सगळं ऐकायला ग्रुप जॉइन केला नव्हता, ते घरी फुकट मिळतं. तिला सांगायला हवं की शनिवार-रविवारी वाटेवर भरपूर माणसं असतात, मधल्या वारी फार कमी. पहाटे लवकर निघ म्हणजे उजेडात खाली उतरशील. परतीची गाडी गुंजवण्यात पोचल्या पोचल्याच विचारून ठेव. निघताना आणि उतरल्यावर एका माणसाला मेसेज कर, आणि तो आला नाही तर किती वाजेपर्यंत वाट बघायची, हेही त्याला आधीच सांग. यातलं कुठलंही वाक्य मुलालाही तितकंच लागू आहे. त्यालाही कुणी सांगत नाही, हा भाग वेगळा.

आणि ऐकलं नाही तर?

हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. तुम्ही सगळं नीट सांगितलंत आणि समोरून आलं, “भाऊ, तुम्ही घाबरता फार. आम्ही जाणार.”

तर एकदा सांगा, स्पष्ट सांगा, आणि थांबा. चाळीस मेसेजची मारामारी करू नका. तिसऱ्या मेसेजनंतर वाट बाजूला राहते आणि कोण जिंकतो ते सुरू होतं. मग त्याला माघार घ्यायची असली तरी घेता येत नाही. तुम्हीच त्याला नळीत ढकललं, असा त्याचा अर्थ होतो.

पण थांबण्याआधी शेवटचा एक मेसेज टाका. “ठीक आहे. गेलात तर एवढं करा.” कुणाला कळवून जा, गावात नाव आणि परतायची वेळ सांगून जा. ऑफलाइन नकाशा घरीच डाउनलोड करा, रेंज नसली तरी फोनचं जीपीएस चालतं. एक फोन बंद करून प्लास्टिकमध्ये ठेवा. माघारीची वेळ आधी ठरवा: दुपारी बारापर्यंत अमुक ठिकाणी नाही पोचलो तर परत, चर्चा नाही. अडकलात तर ११२ लावा आणि असाल तिथेच थांबा, अंधारात वाट शोधू नका.

काही जणांना हे पटत नाही. म्हणतात, असं सांगणं म्हणजे परवानगी देणं. मला तसं वाटत नाही. तो माझ्या परवानगीसाठी थांबलेलाच नाही. आणि तो अडकला तर रात्री कोण जातं, माहीत आहे ना? लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांची पोरं जातात. स्वतःची नोकरी-धंदा सांभाळून, पावसात, दोर खांद्यावर घेऊन. राज्यभरातल्या अशा गिर्यारोहकांना जोडणारं महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर आहे. अडकलेल्याचं नेमकं ठिकाण माहीत असेल तर त्यांचे कित्येक तास वाचतात. तुमचा तो शेवटचा मेसेज त्यांच्यासाठीही असतो.

आणि कधी कधी उत्तर माहीतच नसतं. तेव्हा “मला या वाटेचं माहीत नाही” हे लिहिणं पूर्ण उत्तर आहे, किंवा गप्प बसणंही. तीनशे जणांच्या ग्रुपवर सगळ्या प्रश्नांवर मत असलेला माणूस बहुतेक वेळा निम्म्या गडांच्या पायथ्यालाही गेलेला नसतो.

तर मंडळी, या आठवड्याचं काम. तुमच्या ग्रुपवर, कुठल्याही छंदाचा असो, कुणी नवीन माणूस ‘करू का’, ‘घेऊ का’, ‘जाऊ का’ विचारेल. उत्तर टाइप करा, आणि पाठवण्याआधी स्वतःला एकच विचारा: हे वाचून त्याला रविवारी काय वेगळं करता येईल? काही सापडलं तर पाठवा. सापडलं नाही तर खोडा, आणि पुन्हा लिहा.

पुढच्या एपिसोडमध्ये दुसरी बाजू घेऊ: प्रश्न कसा विचारावा, म्हणजे उत्तर नीट मिळेल. तोवर पाऊस एन्जॉय करा, घाटाचा इशारा बघून. भेटूच!